पिवळ्या फिल्मचा रंग कसा काढायचा?

चांद्रयान-३ चा 'विक्रम' हा अवतरक २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रावर उतरला. त्याची छायाचित्रे वर्गात दाखवली की एक प्रश्न हमखास येतो : "सर, हे यान सोन्याने मढवलेले असते का?" १९६९ साली चंद्रावर उतरलेल्या अपोलो-११ च्या यानाचे चित्र पाहूनही मुलांनी हाच प्रश्न विचारला असेल. उत्तर आहे, नाही. सोनेरी दिसणारे ते आवरण पॉलिइमाइड नावाच्या प्लास्टिकच्या पातळ फिल्मचे असते. फिल्मच्या आतल्या बाजूला ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ थर दिलेला असतो. फिल्म स्वतः पिवळसर-तपकिरी असते. तिच्यातून मागचे चकचकीत ॲल्युमिनियम पाहिले की ते सोन्यासारखे दिसते.

चौकस विद्यार्थी एवढ्यावर थांबत नाही. तो विचारतो, "पण हे प्लास्टिक पिवळे का? पाण्याची बाटली तर स्वच्छ पारदर्शक असते!" हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. बहुवारिकांवर (म्हणजे पॉलिमरांवर) काम करणारे आम्ही लोक गेली पन्नास वर्षे याच प्रश्नाभोवती फिरत आहोत. उष्णता सोसणारी, तापल्यावर फारशी न वाढणारी आणि तरीही काचेसारखी पारदर्शक फिल्म कशी करायची, याचा हा इतिहास आहे.

तीन मागण्या

प्रथम आपल्याला नेमके काय हवे आहे ते पाहू. काचेत तिन्ही गुण आहेत. ती पारदर्शक आहे, चारपाचशे अंश सेल्सिअस तापमान सहज सोसते आणि तापवल्यावर फार थोडी प्रसरण पावते. तिच्यात उणीव एकच, ती वाकत नाही आणि पडली की फुटते. प्लास्टिकची फिल्म वाकते, हलकी असते, फुटत नाही. पण बाकीचे गुण तिच्यात सहसा एकत्र सापडत नाहीत.

प्रसरणाचा हिशेब करण्यासाठी एक सोयीचे माप घेऊ. एक मीटर लांबीचा पदार्थ एक अंशाने तापवला तर तो जितके मायक्रॉन वाढतो, तो त्याचा प्रसरणांक मानू. (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) या मापाने पोलादाचा प्रसरणांक सुमारे १२, तांब्याचा १७ आणि ॲल्युमिनियमचा २३ येतो. प्रयोगशाळेतील बोरोसिलिकेट काचेचा सुमारे ३.३ आणि संगणकाच्या चिपमधील सिलिकॉनचा २.६ आहे. नेहमीच्या पारदर्शक प्लास्टिकांचा, उदाहरणार्थ पॉलिकार्बोनेटचा, प्रसरणांक मात्र ६५ ते ७० च्या घरात असतो. तो काचेच्या वीसपट झाला.

रेल्वेच्या रुळांमध्ये फट का ठेवत, हे आपण शिकवतोच. १३ मीटर लांबीचा रूळ ४० अंशांनी तापला तर सव्वासहा मिलिमीटर वाढतो. आता हाच हिशेब मोबाइलच्या पडद्याला लावू. पडदा ७ सेंटिमीटर रुंद आहे आणि त्यावरची इलेक्ट्रॉनिक जाळी तयार करताना त्याला ३०० अंशांचा चढउतार सोसावा लागतो असे समजा. प्रसरणांक ६० असेल तर फिल्म सव्वा मिलिमीटर वाढू पाहील. बारीक पडद्यावर एका चित्रबिंदूची जागा ०.०६ मिलिमीटर असते. म्हणजे वीस चित्रबिंदूंची चूक झाली! प्रसरणांक ३.३ असेल तर ही चूक एका चित्रबिंदूच्या आसपास राहते. फिल्म काचेवर घट्ट चिकटलेली असेल तर ती सरकू शकत नाही, पण मग ताण साचतो आणि थंड झाल्यावर सगळा थर धनुष्यासारखा वाकतो, किंवा त्यावरची नाजूक जाळी तडकते.

प्रसरणाची ही अडचण धातूंच्या बाबतीत फार पूर्वीच एका माणसाने सोडवली होती. चार्ल्स एदुआर गियोम यांनी १८९६ मध्ये लोखंड आणि निकेलचा 'इन्व्हार' हा मिश्रधातू शोधला. त्याचा प्रसरणांक जेमतेम १.२ होता. १९२० सालचे भौतिकीचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. प्लास्टिकचा 'इन्व्हार' मात्र इतक्या सहज सापडणारा नव्हता.

१९०८ : न वितळणारा पदार्थ

पारदर्शक फिल्मचा इतिहास सेल्युलॉइडपासून सुरू होतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस छायाचित्रणासाठी सेल्युलॉइडची फिल्म वापरात आली. ती पारदर्शक होती, पण भडकन पेट घेई. १९०८ च्या सुमारास स्विस रसायनज्ञ जाक ब्रांडेनबर्गर यांनी सेलोफेन तयार केले. १९४१ मध्ये इंग्लंडात व्हिनफील्ड आणि डिक्सन यांनी पॉलिएस्टर शोधले. पाण्याच्या बाटल्या आणि पारदर्शक पॉलिएस्टर फिल्म त्यातूनच आल्या. यांपैकी कोणतीच फिल्म ३०० अंशांवर टिकत नाही. पॉलिएस्टर ७०-८० अंशांपासून मऊ होऊ लागते आणि २६० अंशांच्या आसपास वितळते.

योगायोग असा की ज्या १९०८ सालाच्या आसपास सेलोफेन आले, त्याच वर्षी अमेरिकेत बोगर्ट आणि रेनशॉ या दोघा रसायनज्ञांनी एक वेगळीच नोंद केली. अमिनोथॅलिक ॲनहायड्राइड नावाचा पदार्थ ते तापवत होते. तो वितळेल अशी अपेक्षा होती. तो वितळला नाही. त्यातून पाणी बाहेर पडले आणि मागे न वितळणारा घन पदार्थ उरला. रेणू एकमेकांना जोडले जाऊन मोठा पदार्थ झाला आहे, असे त्यांनी सुचवले. हे जगातले पहिले सुगंधी पॉलिइमाइड. 'सुगंधी' हा रसायनशास्त्रातील शब्द. बेंझिनच्या कड्या असलेले, एवढाच त्याचा अर्थ, वासाशी त्याचा संबंध नाही.

या नोंदीचा पुढे कोणी पाठपुरावा का केला नाही? एक कारण म्हणजे काळ. हर्मन श्टाउडिंगर यांनी लांब साखळीच्या महारेणूंची कल्पना १९२० मध्ये मांडली आणि तीही बरीच वर्षे वादात राहिली. १९०८ मध्ये न वितळणारा आणि कशातच न विरघळणारा पदार्थ म्हणजे रसायनज्ञांच्या लेखी निव्वळ डोकेदुखी. ज्याला वितळवता येत नाही आणि विरघळवता येत नाही, त्याला आकार तरी कसा द्यायचा?

पीठ आणि घावन

आकार देण्याची युक्ती अमेरिकेतील ड्यू पाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत सापडली. एडवर्ड्स आणि रॉबिन्सन यांना पॉलिइमाइडवर १९५५ मध्ये पेटंट मिळाले. पुढे १९५७ मध्ये स्पुटनिक उडाला, अंतराळयुग सुरू झाले आणि उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकची गरज एकदम वाढली. त्या दशकाच्या अखेरीस कंपनीच्या रसायनज्ञांनी दोन पायऱ्यांची पद्धत पक्की केली. त्यावरचा सरूग आणि सहकाऱ्यांचा सविस्तर शोधनिबंध १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला. तो आजही आमच्या क्षेत्रातील नवख्या विद्यार्थ्याला वाचायला देतात.

ही पद्धत स्वयंपाकघरातील उदाहरणाने सहज समजते. घावनाचे पीठ पातळ असते, तव्यावर हवे तसे पसरते. एकदा शिजले की घावन तयार होते आणि त्याचे परत पीठ होत नाही. पॉलिइमाइडचेही तसेच. डायअमाइन हा एक घटक एका तीव्र द्रावकात विरघळवतात आणि त्यात डायॲनहायड्राइड हा दुसरा घटक घालतात. पाहता पाहता द्रावण काकवीसारखे घट्ट होते, कारण लांब साखळ्या बनत असतात. या मधल्या पदार्थाला पॉलिॲमिक आम्ल म्हणतात. तो द्रावात असल्यामुळे काचेवर सपाट पसरता येतो. मग तो हळूहळू ३०० अंशांपर्यंत तापवला की द्रावक उडून जातो, साखळीतून पाण्याचे रेणू बाहेर पडतात आणि साखळीत जागोजागी पक्क्या इमाइड कड्या तयार होतात. थंड झाल्यावर काचेवरून फिल्म सोलून काढायची.

अशा प्रकारे पायरोमेलिटिक डायॲनहायड्राइड आणि ऑक्सिडायॲनिलीन यांपासून केलेली फिल्म १९६० च्या दशकाच्या मध्याला 'कॅप्टॉन' या नावाने बाजारात आली. ती उणे २६९ अंशांपासून ४०० अंशांपर्यंत वापरता येते. तिचा प्रसरणांक २० च्या आसपास, म्हणजे तांब्याच्या जवळ आहे. त्यामुळे तांब्याचा पत्रा चिकटवून वाकणारी विद्युत मंडले करायला ती उत्तम ठरली. २५ डिसेंबर २०२१ रोजी सोडलेल्या जेम्स वेब अवकाश दुर्बिणीची पाच थरांची सूर्यछत्री याच फिल्मची आहे. तिचा सर्वांत बाहेरचा थर ५० मायक्रॉन जाडीचा आणि बाकीचे चार २५ मायक्रॉनचे आहेत.

तीनपैकी एक मागणी पूर्ण झाली आणि दुसरी बरीचशी. राहिला रंग.

रंग येतो कुठून?

आमच्या प्रयोगशाळेत येणारा नवा विद्यार्थी बहुधा असे समजतो की रंग अशुद्धतेमुळे येतो. घटक चांगले शुद्ध केले की फिल्म स्वच्छ होईल, असे त्याला वाटते. शुद्धतेने थोडा फरक पडतो, हे खरे. पण अतिशुद्ध घटक घेतले तरी कॅप्टॉनसारखी फिल्म पिवळीच येते. रंग तिच्या रचनेतच आहे.

इंग्लंडमधील फार्नबरो येथील विमानविद्या संस्थेतील डाइन-हार्ट आणि राइट यांनी १९७१ मध्ये वेगवेगळ्या रचनांच्या पॉलिइमाइडांची तुलना करून त्याचे कारण सुचवले. या साखळीत दोन स्वभावांचे तुकडे आलटून पालटून येतात. डायअमाइनपासून आलेला तुकडा इलेक्ट्रॉन द्यायला तयार असतो. डायॲनहायड्राइडपासून आलेला तुकडा इलेक्ट्रॉनचा भुकेला असतो. शेजारच्या दोन साखळ्या एकमेकींवर नीट बसल्या की एकीचा दाता तुकडा दुसरीच्या घेणाऱ्या तुकड्यासमोर येतो. मग एका तुकड्यावरून दुसऱ्यावर इलेक्ट्रॉनची उडी थोड्या ऊर्जेत शक्य होते. ही ऊर्जा जांभळ्या आणि निळ्या प्रकाशाएवढी असते. फिल्म हा प्रकाश शोषून घेते आणि उरलेला प्रकाश आपल्याला पिवळा दिसतो. याला विद्युतभार-स्थानांतर म्हणतात. एकाच साखळीतील शेजारच्या तुकड्यांमध्येही हे घडते.

इथेच खरी पंचाईत आहे. साखळ्या ताठ असणे, त्यांत बेंझिनच्या कड्या असणे आणि त्या एकमेकींना चिकटून बसणे, या तीन गोष्टींमुळे फिल्म उष्णता सोसते आणि कमी प्रसरण पावते. याच तीन गोष्टींमुळे ती पिवळी होते. म्हणजे गुण आणि दोष यांचे मूळ एकच. रंग काढायला जावे तर गुणही जायचा.

हॅम्प्टनची युक्ती

रंग काढण्याचा पहिला मोठा यशस्वी प्रयत्न झाला तो अमेरिकेच्या नासा संस्थेच्या व्हर्जिनियातील हॅम्प्टन येथील लँगली केंद्रात. अंतराळात सौरघटांवर आवरण घालायचे किंवा आरशासारख्या थरावर संरक्षक फिल्म घालायची, तर पिवळी फिल्म चालत नाही. ती सूर्यप्रकाश शोषून तापते. रसायनज्ञ ॲन सेंट क्लेअर आणि टेरी सेंट क्लेअर यांनी १९८० च्या दशकात साखळीची रचनाच बदलली. त्यांनी असा डायॲनहायड्राइड निवडला की ज्याच्या मध्यभागी एक कार्बन अणू आहे आणि त्याला दोन ट्रायफ्लोरोमिथिल गट जोडलेले आहेत. हे गट आकाराने मोठे असल्यामुळे साखळ्या एकमेकींच्या जवळ येऊ शकत नाहीत. शिवाय मधल्या वाकणामुळे इलेक्ट्रॉनचा रस्ता तुटतो. डायअमाइनही त्यांनी सरळ न घेता वाकडी जोडणी असलेली घेतली. फिल्म जवळपास रंगहीन झाली. १९८६ मध्ये या पद्धतीला पेटंट मिळाले.

या कुळातील 'सीपी-१' नावाची फिल्म पुढे खरोखरच अंतराळात गेली. जानेवारी २०११ मध्ये नासाच्या 'नॅनोसेल-डी २' या छोट्या उपग्रहाने पृथ्वीभोवती फिरताना सुमारे १० चौरस मीटरचे शीड उघडले. ते केवळ २ मायक्रॉन जाडीच्या सीपी-१ चे होते.

पण किंमत मोजावी लागलीच. साखळ्या दूर सरकल्यामुळे आणि वाकड्या झाल्यामुळे अशा फिल्मचा प्रसरणांक ५० ते ६० पर्यंत चढतो. शिडाला ते चालते. काचेवर किंवा सिलिकॉनवर बसवायच्या सूक्ष्म जाळीला ते चालत नाही.

काड्यांचा ढीग

त्याच सुमारास जपानमध्ये दुसरी मंडळी नेमक्या उलट टोकाला काम करत होती. त्यांना रंगाची पर्वा नव्हती; प्रसरण कमी करायचे होते. सिलिकॉनच्या चकतीवर पॉलिइमाइडचा विद्युतरोधक थर दिला की थंड होताना चकती वाकायची. हिताची कंपनीतील शुनिची नुमाता आणि सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकाच्या मध्याला अनेक पॉलिइमाइडांचे प्रसरण मोजले. त्यांना एक साधा नियम दिसला : साखळी जितकी सरळ, काठीसारखी, तितके फिल्मच्या पृष्ठभागाच्या दिशेने होणारे प्रसरण कमी. काही फिल्मचे प्रसरण तर सिलिकॉनच्या जवळ गेले. उबे या जपानी कंपनीची बायफिनिल गटावर आधारलेली 'युपिलेक्स-एस' ही फिल्मही याच तत्त्वाची. तिचा प्रसरणांक १२ च्या आसपास आहे. रंग मात्र गडद पिवळा.

असे का होते? साखळीच्या लांबीच्या दिशेने अणू पक्क्या सहसंयुज बंधांनी जोडलेले असतात. शेजारच्या दोन साखळ्यांमधले आकर्षण मात्र अगदी क्षीण असते. फिल्म तापली की साखळ्या एकमेकींपासून दूर जातात, पण स्वतः लांब होत नाहीत. आता काचेवर पसरलेला थर सुकताना काय होते ते पाहा. खालून तो काचेला चिकटलेला असतो, म्हणून त्याची रुंदी कमी होऊ शकत नाही. तो फक्त जाडीत आकसतो. काड्यांचा ढीग वरून दाबला की काड्या आडव्या पडतात, तशा ताठ साखळ्या फिल्मच्या पातळीत आडव्या होतात. मग आडव्या दिशेने प्रसरण थोडे आणि जाडीच्या दिशेने पुष्कळ. प्रसरण नाहीसे झालेले नसते. ते जिथे आपल्याला त्रास देत नाही तिथे वळवलेले असते.

दिशा बदलली की उष्णतेचा परिणाम बदलतो, हे वर्गात दाखवायला रबर बँड पुरेसा आहे. रबर बँडला वजन टांगून तो ताणा आणि त्याला गरम हवा द्या. वजन खाली जाण्याऐवजी वर उचलले जाते. ताणलेले रबर तापल्यावर आखडते! जॉन गफ या इंग्रज अभ्यासकाने १८०५ मध्ये याबद्दल लिहिले. ते लहानपणापासून दृष्टिहीन होते आणि तापलेल्या रबराची ऊब ओठांना स्पर्श करून ओळखत. अणुसिद्धान्त मांडणारे जॉन डाल्टन हे त्यांच्याकडे शिकले होते. रबरातील कारण पॉलिइमाइडपेक्षा वेगळे आहे. रबराची मऊ साखळी तापली की अधिक वळवळते आणि गोळा होऊ पाहते. पण साखळ्यांना एकदा दिशा दिली की प्रसरण सर्व बाजूंना सारखे राहत नाही, ही गोष्ट दोन्हीकडे दिसते.

दोन वाटांचा मेळ

आता कोडे नेमके मांडता येते. साखळी ताठ हवी, पण शेजारणीला चिकटलेली नको. हे शक्य आहे का?

एक उत्तर जपानच्या निप्पॉन टेलिग्राफ अँड टेलिफोन या कंपनीच्या प्रयोगशाळेतून आले. मात्सुउरा आणि सहकारी प्रकाश वाहून नेणारे सूक्ष्म मार्ग प्लास्टिकमध्ये करू पाहत होते. १९९१ मध्ये त्यांनी एका खास डायअमाइनपासून केलेल्या पॉलिइमाइडांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या डायअमाइनमध्ये बेंझिनच्या दोन कड्या सरळ रेषेत जोडलेल्या आहेत आणि प्रत्येक कडीवर एक ट्रायफ्लोरोमिथिल गट आहे. हे दोन गट एकमेकांना ढकलतात, त्यामुळे कड्या एकमेकींशी तिरक्या वळतात. साखळी सरळच राहते, पण सपाट राहत नाही. सरळ असल्यामुळे ती ताठ, आणि पिळलेली असल्यामुळे शेजारणीवर नीट बसत नाही. फ्लोरीनमुळे या तुकड्याची इलेक्ट्रॉन देण्याची वृत्तीही कमी होते.

अमेरिकेतील ॲक्रन विद्यापीठात फ्रँक हॅरिस आणि स्टीफन चेंग यांनी याच डायअमाइनची विरघळणारी पॉलिइमाइडे केली. त्यांच्या फिल्ममध्ये साखळ्या आडव्या पडत असल्यामुळे आडव्या आणि उभ्या दिशेचा अपवर्तनांक वेगळा येतो. एरवी हा दोषच. त्यांनी त्याचा उपयोग द्रवस्फटिकी पडदे बाजूने पाहिल्यावर फिके दिसतात तो दोष घालवण्यासाठी केला.

दुसरी वाट डायॲनहायड्राइड बदलण्याची. बेंझिनच्या सपाट कडीऐवजी चार कार्बनांची, इलेक्ट्रॉनांचा रस्ता बंद करणारी सायक्लोब्युटेनची कडी घ्यायची. मॅलेइक ॲनहायड्राइडच्या दोन रेणूंवर प्रकाश पाडला की ही कडी तयार होते. जपानमधील तोहो विद्यापीठातील मासातोशी हासेगावा यांनी या वाटेवर दीर्घकाळ काम केले. ही कडी आणि वर सांगितलेले फ्लोरीनयुक्त डायअमाइन एकत्र आणले की रंगहीन, सुमारे साडेतीनशे अंशांपर्यंत न मऊ होणारी आणि वीसच्या आसपास प्रसरणांकाची फिल्म मिळते. मात्र बेंझिनच्या कड्या कमी झाल्यामुळे फार तापमानाला हवेत ती लवकर खराब होते. तिसरी वाट म्हणजे साखळीत अमाइड गट घालणे. नायलॉनप्रमाणे त्यांच्यात हायड्रोजन बंध जुळतात आणि फिल्म कणखर होते.

खिशातील पडदा

२०१३ मध्ये प्लास्टिकवर बनवलेले वक्र पडदे असलेले फोन बाजारात आले. या पडद्यांत खालचा आधार पॉलिइमाइडचाच असतो. तो पिवळा असला तरी बिघडत नाही, कारण प्रकाश वरच्या बाजूने बाहेर पडतो. काचेवर पॉलिॲमिक आम्ल ओतायचे, भाजायचे, त्यावर सारी जाळी उभारायची आणि शेवटी लेसरने फिल्म काचेवरून सुटी करायची, अशी ही रीत आहे. प्रसरणांक काचेशी जुळावा लागतो तो इथे.

घडी घालता येणाऱ्या फोनला मात्र वरचे आवरणही वाकणारे हवे, आणि ते पिवळे चालणार नाही. सॅमसंगच्या 'गॅलेक्सी फोल्ड' फोनवर २०१९ मध्ये रंगहीन पॉलिइमाइडचे आवरण आले. विक्री एप्रिलमध्ये सुरू व्हायची होती. परीक्षणासाठी दिलेल्या काही फोनांवरचा वरचा थर परीक्षकांनी वेष्टन समजून सोलला आणि पडदे बिघडले. विक्री सप्टेंबरपर्यंत पुढे गेली. पुढच्याच वर्षी त्याच कंपनीने दुसऱ्या फोनवर सुमारे ३० मायक्रॉन जाडीची, वाकणारी काच बसवली. काच पातळ केली की तीही वाकते! चरे पडण्याच्या बाबतीत ती प्लास्टिकपेक्षा सरस. तरी तिच्यावर संरक्षक प्लास्टिकचा थर ठेवावाच लागला. काच आणि फिल्म यांची ही स्पर्धा अजून चालू आहे.

फ्लोरीनचा हिशेब

आतापर्यंतच्या गोष्टीत पुन्हा पुन्हा ट्रायफ्लोरोमिथिल गट आला. त्याने रंगाचे कोडे बरेच सोडवले, पण आता तोच प्रश्नचिन्हाखाली आला आहे. कार्बन-फ्लोरीन बंध निसर्गात सहजी तुटत नाही. अशा अनेक संयुगांचे अंश पाण्यात आणि सजीवांच्या शरीरात साचलेले आढळले आहेत. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२१ मध्ये या वर्गाची व्यापक व्याख्या केली. पूर्ण फ्लोरीनयुक्त मिथिल गट असलेली संयुगे तिच्यात मोडतात. २०२३ मध्ये पाच युरोपीय देशांनी या साऱ्या वर्गावर निर्बंध घालण्याचा प्रस्ताव मांडला. आमच्या क्षेत्रातील कित्येक उत्तम फिल्म या व्याख्येत बसतात. त्यामुळे फ्लोरीन न वापरता रंग काढता येईल का, हा प्रश्न आता केवळ कुतूहलाचा राहिलेला नाही.

फ्लोरीनवाचूनच्या वाटांपैकी एक वनस्पतिसृष्टीकडे जाते. क्योतो विद्यापीठातील हिरोयुकी यानो आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये जिवाणूंनी विणलेल्या सेल्युलोजच्या जाळीत पारदर्शक रेझीन भरले. तंतू प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा फारच बारीक असल्यामुळे ७० टक्के तंतू असूनही पत्रा पारदर्शक राहिला आणि प्रसरणांक ६ पर्यंत उतरला. पण सेल्युलोज दोनशे अंशांच्या पुढे फार काळ टिकत नाही. म्हणजे रंग आणि प्रसरण जमले, तर उष्णता राहिली.

आपल्याकडेही पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत काजूच्या टरफलातील तेलापासून पॉलिइमाइडचे घटक केले गेले आहेत. कोकणात आणि गोव्यात काजूगर काढल्यावर टरफले उरतात, त्यांतील कार्डॅनॉल या द्रव्यात पंधरा कार्बनांची लांब शेपटी असते. ती साखळीला जोडली की पॉलिइमाइड सहज विरघळते आणि घडवायला सोपे जाते. शेपटीमुळे साखळ्या दूर राहतात, म्हणून ताठपणा आणि उष्णतासहता थोडी सोडावी लागते. प्रत्येक गटाने काय सोडायचे हे आपापल्या गरजेनुसार ठरवले, असेच या इतिहासात दिसते.

वर्गात काय करता येईल?

मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात सोनेरी रंगाची उष्णतासह चिकटपट्टी मिळते. खरी असेल तर ती पॉलिइमाइडचीच असते. तिचे एक, दोन, चार असे थर पारदर्शक पट्टीवर चिकटवा आणि त्यांतून निळ्या व लाल एलईडीकडे पाहा. थर वाढतात तसा निळा दिवा मंदावत जातो, लाल मात्र जवळपास तसाच राहतो. विद्युतभार-स्थानांतरात कोणता प्रकाश खर्ची पडतो हे मुलांना स्वतःच्या डोळ्यांनी कळते. तापलेल्या सोल्डरिंग इस्त्रीचे टोक या पट्टीला आणि साध्या पारदर्शक चिकटपट्टीला लावून फरक दाखवता येईल. मात्र हे शिक्षकांनी स्वतः, खिडक्या उघड्या ठेवून करावे.

वरच्या वर्गांसाठी एक गृहपाठही सुचवतो. फळ्यावर तीन स्तंभ आखा : पारदर्शकता, उष्णतासहता, कमी प्रसरण. या लेखात आलेल्या प्रत्येक फिल्मपुढे बरोबर किंवा चूक अशी खूण करायला सांगा आणि प्रत्येक चुकीपुढे साखळीच्या रचनेतील कारण एका वाक्यात लिहायला सांगा. तिन्ही रकान्यांत बरोबरची खूण कोठे येते आणि तिथे फ्लोरीन आहे की नाही, हे पाहिल्यावर विद्यार्थीच पुढचा प्रश्न विचारतील. त्याचे उत्तर शोधण्याचे काम आमच्यासारख्या प्रयोगशाळांतून चालू आहे, आणि काही वर्षांनी आज त्या वर्गात बसलेल्यांपैकी कोणीतरी ते हाती घेईल अशी आम्हाला आशा आहे.